मागे न पाहणारा बाप

गेल्या सहामाहीत मागच्या बाकावरच्या एका मुलाकडून मी चित्रांचे एक पुस्तक काढून घेतले. भूमितीच्या वहीत दडवून स्वारी ते वाचत होती. मधल्या सुट्टीत दोन शब्द सुनवायचे आणि पुस्तक परत द्यायचे, हा आमचा शिरस्ता. पण त्या दिवशी ते पुस्तक घरी आणले, आणि वाचकहो, कबूल करतो, दिवा मालवायला रात्रीचे साडेबारा वाजले.

पुस्तक म्हणजे 'सँडमन' नावाच्या इंग्रजी चित्रकथामालेचा १९९१ सालचा एक विशेषांक. लेखक नील गेमन. अमेरिकेत १९८९ ते १९९६ या काळात या मालेचे ७५ अंक निघाले. तिच्या मुळाशी एक विलक्षण कुटुंब आहे. दैव, मृत्यू, स्वप्न, संहार, वासना, नैराश्य आणि उन्माद अशी ही सात भावंडे. इंग्रजीत सातही नावे एकाच अक्षराने सुरू होतात. ही भावंडे देवांहूनही जुनी. माणसांनी पूजा सोडली की देव संपतात, पण यांना तसा अंत नाही. मृत्यू ही थोरली बहीण. ती भयंकर नाही, घरातल्या समजूतदार अक्कासारखी मायाळू आहे. तिसरा भाऊ स्वप्न मात्र मानी आणि अबोल.

या अंकात सांगितली आहे ती ऑर्फियसची कथा. ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ऑर्फियस हा ग्रीकांचा गंधर्वच म्हणा ना! त्याने वीणा छेडली की झाडे नि दगडसुद्धा ऐकत. त्याची नववधू युरिडिसी साप चावून मरते. तो जिवंतपणी पाताळात उतरतो आणि गाण्याने यमराजाचे मन द्रवते. अट एकच, वर पोहोचेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही. तो पाहतो, आणि ती कायमची जाते.

त्याने मागे का पाहिले? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने आपापल्या स्वभावाप्रमाणे दिले. प्लेटोच्या एका संवादातला वक्ता ऑर्फियसला भ्याडच ठरवतो. प्रियेसाठी मरायची तयारी नव्हती, म्हणून देवांनी त्याला नुसती तिची छाया दाखवली, असे त्याचे म्हणणे. इसवी सनापूर्वी २९च्या सुमारास रोमन कवी व्हर्जिलने ही कथा शेतीवरच्या काव्यात गुंफली. त्याच्या मते क्षणभराच्या वेडाने घात केला, आणि हे वेड क्षम्य होते. पाताळाला क्षमा ठाऊक असती तर! पुढे ओव्हिड आला. तो अधिक दयाळू. त्याचा ऑर्फियस मेल्यावर पत्नीला पुन्हा भेटतो. दोघे बरोबरीने फिरतात. कधी तो पुढे चालतो आणि निर्धास्तपणे मागे वळून पाहतो.

१६०० साली फ्लॉरेन्समध्ये फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीच्या विवाहानिमित्त याच कथेवर संगीतिका झाली. मंगलकार्यात अशुभ कसे दाखवणार? तेव्हा मागे न पाहण्याची अटच गाळली आणि युरिडिसीला सुखरूप घरी आणली. १७६२ साली व्हिएन्नात ग्लुकने अट ठेवली, पण शेवटी प्रेमदेवतेकरवी तिला जिवंत केले. आपल्या महाभारताच्या आदिपर्वातही लग्नाआधी सर्पदंशाने गेलेली प्रमद्वरा आहे. तिथे रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन तिला परत मिळवतो. तिथे व्यवहार चोख. नजरेची कसोटी नाही.

आता त्या चित्रकथेकडे वळू. जुन्या कथांत ऑर्फियसची आई काव्यदेवता कॅलायोपी, बाप कुठे थ्रेसचा राजा तर कुठे अपोलो. गेमनने बापच बदलला. इथे ऑर्फियस हा स्वप्नाचा मुलगा. त्यामुळे लग्नाला ते सारे अमर काका-आत्या हजर आहेत. सून त्याच दिवशी मरते. मुलगा बापाकडे धावतो आणि पाताळाच्या राजाकडे शब्द टाका म्हणून विनवतो. बाप नाही म्हणतो. ती गेली, तू आहेस, आता जगायला लाग, असा त्याचा उपदेश. मुलगा नाते तोडतो आणि मृत्यू-आत्याकडे जातो. पाताळातून जिवंत परतायचे तर तिने त्याला कधीच न्यायचे नाही, असे ठरते. हाच वर पुढे शाप होतो. युरिडिसी हातची जाते. बेभान झालेल्या स्त्रिया त्याला फाडून टाकतात, पण त्याला मरण नाही. नुसते मस्तक किनाऱ्याला लागते, जिवंत आणि बोलते. बाप येतो, मस्तकाच्या देखभालीची व्यवस्था लावल्याचे सांगतो, आता आपली भेट नाही म्हणतो आणि निघून जातो. मुलगा हाका मारतो. बाप मागे वळून पाहत नाही.

इथे माझे हात थबकले. मुलाने मागे पाहून बायको गमावली आणि बापाने मागे न पाहून मुलगा गमावला! अडीच हजार वर्षे सारे जण त्या एका नजरेचा दोष शोधत राहिले. न पाहण्याचाही दोष असतो, हे या चित्रकथेने दाखवले.

आणि बापाचा उपदेश खोटा तरी कुठे होता? काही वर्षांपूर्वी आई गेल्यावर एक विद्यार्थी तेराव्यानंतर शाळेत आला. "गेलेलं माणूस परत येत नाही, बाळ. आता अभ्यासाला लाग," मी म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. शब्द शहाणपणाचे होते. पण त्याचा चेहरा कसा झाला, हे मला आज सांगता येत नाही, कारण मी पाहिलाच नाही.

मालेच्या पुढच्या अंकांत बाप अखेर मस्तकापाशी परततो. मुलाला हवे असते फक्त मरण. बाप ते स्वतःच्या हाताने देतो, आणि स्वकीयाचे रक्त सांडल्याची किंमत पुढे आपल्या प्राणाने मोजतो. वळायला हजारो वर्षे लावली, म्हणून द्यायला मरणाखेरीज काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला पुस्तक परत दिले. रागावायचे राहूनच गेले. "सर, तुम्ही वाचलंत?" त्याने विचारले.

"वाचलं," मी म्हणालो, "बस जरा. तुला काय वाटलं ते सांग."