तुरो-तुरो ते कष्टाची भाकर

परवाच्या विकांताला एक पाहुणा घेऊन मार्केट यार्डात गेलो होतो. पाहुणा म्हणजे आमच्या प्रोजेक्टवरचा मनिलाचा सहकारी. दोन वर्षं रोज कॉलवर नुसता आवाज ऐकलेला, माणूस पहिल्यांदाच बघितला. पंधरा दिवस पुण्यात होता. हॉटेलात नाश्त्याला टोस्ट-ऑम्लेट, ऑफिसच्या कँटीनमध्ये पनीर, टीम लंचला परत पनीर. शेवटी शुक्रवारी बिचाऱ्याने विचारलंच, "तुमच्या इथली कामकरी माणसं जेवतात तरी कुठे?"

शनिवारी भाजी बाजाराला सुट्टी असते, म्हणून रविवारी सकाळी त्याला घेऊन निघालो. बिबवेवाडीत राहणाऱ्याला मार्केट यार्ड म्हणजे अंगणच. गंगाधाम चौकातून खाली उतरलं की कोथिंबिरीचा वास यायला लागतो आणि टेम्पोचे हॉर्न.

फळबाजारात तो एका ढिगासमोर थांबला आणि ओरडला, "चिको!" मला वाटलं कुणीतरी शिकवलं असेल. तर नाही, त्यांच्याकडेही चिकूला चिकोच म्हणतात. घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. तिथून स्पॅनिश लोकांनी तो फिलिपिन्समध्ये नेला. अकापुल्को ते मनिला अशी त्यांची गलबतं १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, ये-जा करत होती. नाव फळाबरोबरच फिरलं. आपण घोलवड-डहाणूचा चिकू म्हणून मिरवतो तो असा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेला आहे. असो.

मग जेवायला गेलो. ओळीने पातेली मांडलेली, त्याला एकाही पदार्थाचं नाव माहीत नाही. त्याने सरळ बोट दाखवलं. हे, हे, आणि ते. वाढणाऱ्या मावशींनाही काही अडलं नाही. ताट घेऊन बसल्यावर तो हसायला लागला. म्हणाला, हे तर आमचं तुरो-तुरो! त्यांच्या भाषेत तुरो म्हणजे बोट दाखवणं. मनिलात कष्टकरी माणूस, रिक्षावाला, कॉलेजचा पोरगा जिथे जेवतो ती जागा म्हणजे कारिंदेरिया. दाराशी झाकणं ठेवलेली पातेली, आत दोन-चार बाकडी, भात आणि त्यावर बोट दाखवाल ते. मेन्यू कार्ड नाही. आपल्या खाणावळीचीच बहीण. तोंडी लावायला कच्च्या पपईचं लोणचं असतं, त्याला म्हणतात अचारा.

आता कारिंदेरिया या शब्दाची गंमत बघा. त्यात 'कारी' आहे, म्हणजे आपण जिला करी म्हणतो तीच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १७६२ साली इंग्रजांनी स्पॅनिशांकडून मनिला घेतलं आणि १७६४ पर्यंत ते ठेवलं. त्या मोहिमेचं आरमार मद्रासहून निघालं होतं आणि त्यात ईस्ट इंडिया कंपनीचे हिंदुस्थानी शिपाई होते. इंग्रज परत गेले तेव्हा त्यातले काही शिपाई मागेच राहिले. मनिलाजवळ काइंता नावाचं गाव आहे, तिथे त्यांनी लग्नं केली, घरं बांधली. या लोकांनी तिथे कालवण-भात विकायला सुरुवात केली आणि त्यातून हा शब्द रुजला असं सांगतात. शब्दाच्या गोष्टीत थोडी दंतकथा मिसळली असेल, पण काइंताचे शिपाई खरे. पगार बुडालेला, घर दोन हजार कोसांवर, हातात एकच कला. परमुलखात अडकलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? चूल पेटवतो आणि चार माणसांचं जास्त रांधतो.

बिबवेवाडीची गोष्टही फार वेगळी नाही. आज इथे दोन-तीन बीएचकेच्या जाहिराती लागतात. पण अप्पर आणि लोअर इंदिरानगरच्या बसवर अजून 'ओटा' हा शब्द दिसतो, तो का, हे नवीन राहायला आलेल्या किती जणांना माहीत असेल? ओटा योजना म्हणजे सरकारने घर द्यायचं नाही, जोतं द्यायचं. वर भिंती-पत्रे ज्याचे त्याने घालायचे. गावाकडून आलेली, शहरातून हटवलेली माणसं अशी इथे वसली. पुढे घाऊक बाजार नाना-भवानी पेठेतून गुलटेकडीला आला आणि त्याच्यामागून हमाल, तोलणार, टेम्पोवाले आले. १९८३ साली स्थापन झालेलं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट अप्परलाच आहे, त्याच्यामागून आमच्यासारखी पोरं आली. या सगळ्यांत सामाईक गोष्ट एकच. घरी शिजवायला वेळ नाही, किंवा घरच नाही.

त्यातला हमाल हा सगळ्यात जुना गिऱ्हाईक. दुष्काळी तालुक्यातून आलेला, बायको-पोरं गावाकडे, रात्री दुकानाच्या फळीवर नाहीतर वखारीच्या ओट्यावर झोपणारा. पाठीवर क्विंटलची पोती. (पोतं शंभर किलोचं नको, पन्नास किलोचं करा, यासाठी हमालांना कित्येक वर्षं भांडावं लागलं. आज आपण पन्नास किलोची गोणी बघतो, ती काही व्यापाऱ्यांना दया आली म्हणून नव्हे.) अशा माणसाला पोटभर, म्हणजे खरोखर पोटभर, दोन वेळा खायला लागतं. वडापाववर पोती उचलली जात नाहीत.

पुण्यात या हमालांची संघटना डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली बांधली, ती हमाल पंचायत. बाबा नाना पेठेत दवाखाना चालवायचे, पेशंट हमालच. पाठ दुखते, छातीत दुखतं, आणि औषध काय देणार? दुखणं पोत्यात होतं. पुढे १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला. हमालाला एक ठराविक मालक नसतो. दहा दुकानांचा माल तो उचलतो, मग त्याचा प्रॉव्हिडंट फंड कोण भरणार? या कायद्याने त्यावर तोड काढली. मंडळ नेमलं, सगळ्या व्यापाऱ्यांनी मजुरीवर लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला फंड, ग्रॅच्युइटी द्यायची. आज गिग वर्कर म्हणून आपण जी चर्चा करतो तिचं उत्तर पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी इथे कागदावर उतरलं होतं. हे वाचल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसलो.

पण मजुरी वाढली तरी ती जाते कुठे? १९७२ चा दुष्काळ, १९७३ चं तेलसंकट, त्यामागून महागाई. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या तो हाच काळ. एकट्या हमालाचं निम्मं-अधिक उत्पन्न खानावळीत जायचं. नाहीतर उधारी, आणि उधारी म्हणजे पुढच्या महिन्याची मजुरी आधीच खाल्लेली. या दिवसांत हमाल पंचायतीने स्वतःचं जेवणघर काढलं. नाव ठेवलं 'कष्टाची भाकर'. ना नफा ना तोटा. भाकरी, झुणका, उसळ, भात. स्वयंपाकाला कष्टकरी घरांतल्याच बायका. एकाच घासात दोन प्रश्न सुटतात, हमालाला स्वस्त जेवण आणि बाईला रोजगार. (मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खाणावळी चालवणाऱ्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तिथे प्रश्न गिऱ्हाइकाचा नव्हता, रांधणाऱ्या बाईच्या डोक्यावरच्या सावकाराचा होता. त्यावर वेगळी पोस्ट लिहायला हवी.)

नाव बघा हं. 'स्वस्त भाकर' नाही, 'अन्नछत्र' नाही. खाणारा पैसे देतो आणि मान खाली घालत नाही. आमच्या पाहुण्याने आधी विचारलं होतं, हे धर्मादाय आहे का? मी म्हटलं, नाही, युनियनचं आहे. त्याला ते पटकन कळलं नाही. युनियन संप करते हे जगभर माहीत असतं, युनियन भाकरी भाजते हे सांगावं लागतं.

आता याच्याशेजारी दुसरी भाकरी ठेवा. १९९५ साली युतीचं सरकार आलं ते एका रुपयात झुणका-भाकर देऊ या आश्वासनावर. राज्यभर केंद्रं निघाली, तीही मोक्याच्या जागी, स्टेशनजवळ, एसटी स्टँडजवळ. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमचे बाबा सांगतात की सुरुवातीला रांगा लागायच्या. रुपयात भाकरी-झुणका परवडणार कसा? परवडत नव्हताच, वरचे पैसे सरकार अनुदान म्हणून द्यायचं. २००० साली पुढच्या सरकारने अनुदान थांबवलं आणि योजना संपली. गंमत म्हणजे भाकरी गेली पण स्टॉल राहिले. त्याच जागांवर वडापाव, चायनीज, ज्यूस सुरू झालं आणि जागेवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. कित्येक ठिकाणी पाटीवर 'झुणका-भाकर केंद्र' आणि आत मंचुरियन. (मंचुरियनही आपलंच. मुंबईत नेल्सन वाँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं. चीनचा संबंध नावापुरता.)

तिसरी भाकरी, खरं म्हणजे चपाती, २६ जानेवारी २०२० ची. शिवभोजन थाळी, दहा रुपयांत. दोन चपात्या, एक भाजी, भात, वरण. इथे निदान हिशोब उघड होता. शहरात एका थाळीची किंमत सरकारने पन्नास रुपये धरली, दहा गिऱ्हाइकाचे आणि चाळीस सरकारचे. ग्रामीण भागात पस्तीस, त्यातले पंचवीस सरकारचे. कोविडच्या काळात ती आधी पाच रुपयांना आणि २०२१ मध्ये काही महिने फुकट दिली, आणि त्या दिवसांत तिने खरोखर माणसं जगवली. पुढे केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या यायला लागल्या.

मला राजकारण लिहायचं नाही, आणि सरकारने स्वस्त जेवण देऊ नये असंही मी म्हणत नाही. पण इंजिनिअर माणूस, सवयीने सिस्टिम कुठे बंद पडेल ते आधी बघतो. ज्या जेवणाचे पैसे मंत्रालयातून येतात ते एका जीआरने थांबतं. हमाल पंचायतीच्या भाकरीने यातली सगळी सरकारं पाहिली. ती भाकरी खाणाऱ्याच्या पैशांवर चालते, म्हणूनच बहुधा.

मग गाडीवरचं खाणं स्वस्त कसं, त्याला तर कुणाचंच अनुदान नाही? कॉलेजात असताना आम्हाला हा प्रश्न पडायचा नाही. मेसचे पैसे भरूनही रात्री साडेदहाला भूक लागायची (मेसबद्दल न लिहिलेलंच बरं) आणि आम्ही अप्परच्या रस्त्यावरच्या एका भुर्जीच्या गाडीवर जायचो. गाडीवाले मामा सोलापूरकडचे. कांदा त्यांची बायको घरी चिरून डब्यात भरून द्यायची. पाव मुलगा सायकलवर आणायचा. जागेचं भाडं नाही, दिव्याला बॅटरी. म्हणजे त्या भुर्जीचं अनुदान तीन माणसं देत होती आणि त्यातल्या दोघांची मजुरी हिशोबात धरलेलीच नव्हती. आम्ही वर म्हणायचो, मामा, पाव एक्स्ट्रा द्या की.

२०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, त्याआधी कुणाला हटवू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कायदा वाचला तर चांगला आहे. पण आम्ही शेवटच्या वर्षाला असताना एक दिवस मामांची गाडी उचलून नेली. कोणी नेली, पावती होती का, कायद्यात बसत होतं का, यातलं आम्ही चार होतकरू इंजिनिअरांनी काहीही विचारलं नाही. थोडं हळहळलो आणि दुसऱ्या गाडीवर जायला लागलो. चार वर्षं आठवड्यातून तीन-चारदा जेवलो त्या माणसाचं आडनावही मला माहीत नव्हतं. ते अजून बोचतं.

डिसेंबर २०२५ मध्ये बाबा आढाव गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. मी त्यांना कधी भेटलो नाही. राहायला जवळ असूनही हे सगळं शोधून वाचलं ते त्यानंतरच, हेही कबूल करायला हवं.

पाहुण्याने त्या रविवारी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली, परत बोटानेच. मावशींनी वाढली, वर ठेचा दिला. त्याला वाटलं चटणी आहे, म्हणून चमचाभर घेतला. पुढची पाच मिनिटं तो काही बोलला नाही. पाणी पिऊन झाल्यावर त्याने पाकीट काढलं आणि मला हात करून थांबवलं. पैसे त्यानेच दिले, जाताना दोन किलो चिकू घेतले. विमानात नेऊ देणार नाहीत म्हटलं, तर म्हणाला, रात्री हॉटेलात संपवतो.