थरथरता हात, संथ नजर

पळस्पे फाट्यावर मुंबईकडून येणारा रस्ता दुभंगतो. एक वाट खंडाळ्याच्या घाटाने पुण्याला जाते, दुसरी पेण-महाडवरून गोव्याला. एवढ्याशा जागेत अडथळा आला, तर दूरदूरची गावे खोळंबतात. आपल्या डोक्यातही असा एक फाटा आहे. मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा मस्तिष्कस्तंभ जेमतेम अंगठ्याएवढा जाड असतो; पण त्याला किंवा लहान मेंदूला इजा झाली की हातापासून डोळ्यांपर्यंत सगळ्या हालचाली बिघडतात.

लहान मेंदू हालचाल चालू असतानाच तिच्यातील चूक दुरुस्त करीत असतो. ही दुरुस्ती बिघडली, की पेला घ्यायला निघालेला हात पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. हाच कंप. लंडनमध्ये काम करणाऱ्या गॉर्डन होम्स यांनी १९०४ साली याहून वेगळ्या, दुर्मिळ कंपाचे वर्णन केले. तो मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागातील इजेमुळे होतो. त्याची लय संथ, सेकंदाला पाचाहून कमी झोके. हात स्वस्थ असतानाही तो दिसतो आणि काही करू जाताच वाढतो. नवल म्हणजे इजेनंतर तो सहसा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी सुरू होतो. पुढे पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेले सैनिक तपासून होम्स यांनी लहान मेंदूच्या इजेची लक्षणे बारकाईने नोंदवली. रुग्णाकडे लक्षपूर्वक पाहणे, हेच त्यांचे मुख्य साधन होते.

याच साधनाने मुंबईत एक महत्त्वाचा शोध लागला. जे. जे. रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे तोल जाणारे, बोलणे अडखळणारे रुग्ण येत. हा विकार घराण्यात चालत आलेला असे. अशा काही रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसरीवर फार सावकाश सरकते, हे वाडियांच्या ध्यानात आले.

यात विशेष काय, ते वर्गातच पाहता येईल. विद्यार्थ्यासमोर हातभर अंतरावर दोन पेन्सिली धरा आणि आळीपाळीने एकीकडून दुसरीकडे पाहायला सांगा. डोळे क्षणार्धात उडी घेतात. आडव्या दिशेच्या या उडीचा हुकूम मस्तिष्कस्तंभातील काही चेतापेशी देतात. त्या झिजल्या, की उडीचे रांगणे होते. म्हणजे संथ नजर ही बिघाड कोठे आहे, याची खूणच होती.

वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ साली अशा नऊ कुटुंबांची हकिकत ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि हा एक निराळा आनुवंशिक विकार आहे, असे सुचवले. सीटी स्कॅन तेव्हा नुकता जन्माला येत होता. जनुकीय चाचणी तर नव्हतीच. १९९६ साली बाराव्या गुणसूत्रावरचे एक जनुक सापडले. त्यातील तीन अक्षरांचा एक तुकडा प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा आला, की चेतापेशी झिजतात. १९९८ साली वाडिया व सहकाऱ्यांनी हाच जनुकदोष असलेल्या सहा भारतीय घराण्यांचा अभ्यास मांडला आणि निदानात संथ नजरेचे महत्त्व दाखवून दिले.

या विकारावर आजही रोग नाहीसा करणारे औषध नाही. व्यायामोपचाराने चालणे-बोलणे काही प्रमाणात सावरता येते. हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, आणि पुढच्या पिढीत विकार अनेकदा कमी वयात सुरू होतो. कधी शाळकरी वयातही. अशा माणसाची झोकांडी पाहून लोक त्याला दारुडा ठरवतात. वर्गातील एखाद्या मुलाचे अक्षर अचानक बिघडू लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर आळशीपणाचा शिक्का मारण्याआधी त्याच्याकडे नीट पाहावे आणि पालकांना डॉक्टरांकडे जायला सांगावे. त्याची पहिली नोंद कदाचित शिक्षकच घेऊ शकेल.