दोन दुष्काळ आणि एक श्रद्धा : पंडिता रमाबाईंची आध्यात्मिक वाटचाल

१.
संकटे माणसाला देवाजवळ नेतात, असे अनेक धर्मांत सांगितले जाते. ख्रिस्ती परंपरेत हा विचार विशेष ठसठशीत आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम मांडला आहे. पण एखाद्या प्रत्यक्ष आयुष्यात हा क्रम कसा घडतो? आणि तो नेहमीच घडतो का? पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. ते सोपे नाही, म्हणूनच ते जाणून घेण्यासारखे आहे.

२.
रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, वेदशास्त्रसंपन्न आणि आपल्या काळाच्या मानाने बंडखोर होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये हा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले. याबद्दल त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. पुढे सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म तेथेच झाला. त्यांना संस्कृताचे पाठ मिळाले ते मुख्यतः आईकडून.

३.
आश्रमावरचे कर्ज वाढल्यामुळे हे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. देवळांत, नदीकाठी पुराणे सांगायची आणि श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर निर्वाह करायचा, असा त्यांचा क्रम होता. मिळालेल्या पैशाचा मोठा भाग पुन्हा दानधर्मात जाई, कारण पुण्यसंचयाने दैव पालटते ही त्या घराची अढळ श्रद्धा होती. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा उरलेसुरले द्रव्यही व्रते, दाने आणि अनुष्ठाने यांत खर्च झाले. शेवटी हाती काहीच उरले नाही.

४.
त्या दिवसांचे वर्णन रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. अन्न संपल्यावर रानातली पाने आणि पाणी यांवर दिवस काढावे लागले. वृद्ध वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, की जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू. तो बेत टळला, पण वडील वाचले नाहीत. थोड्याच काळात आई गेली, मग थोरली बहीणही गेली. आईला स्मशानात न्यायला चौथा खांदेकरी मिळेना, तेव्हा रमाबाई स्वतः पुढे झाल्या. उंची कमी असल्यामुळे त्यांनी तिरडी डोक्यावर घेतली. त्यांनी तेव्हा विशीही गाठली नव्हती.

५.
दुष्काळाने आणलेले पहिले आध्यात्मिक वळण भक्तीचे नसून भंगाचे होते. सांगितलेली सारी कर्मे यथासांग करूनही घर उद्ध्वस्त झाले. त्यामुळे ‘इतके पुण्य केले की इतके फळ मिळते’ या हिशेबावरचा बहीण-भावंडांचा विश्वास उडाला. दोघे पायी भारतभर हिंडत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मात्र गौरव होत असताना त्यांच्या मनातली श्रद्धेची जागा रिकामीच होती.

६.
१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो आंतरजातीय असल्यामुळे समाजाने पाठ फिरवली. सिलचरच्या घरी त्यांच्या हाती बंगालीतील लूकचे शुभवर्तमान पडले, आणि ख्रिस्ती विचारांशी त्यांचा जवळून परिचय झाला. त्यांनी त्या धर्मात जावे हे पतीला मान्य नव्हते. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती वारले. वयाची चोविशी पुरी होण्याआधीच त्यांचे माहेरही संपले होते आणि सासरही.

७.
पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींनी त्यांना आश्रय दिला. मात्र वाढत्या बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याची आशा त्यांना सोडावी लागली.

८.
एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रमाबाईंसोबत आनंदीबाई भगत नावाची त्यांची सहचरी इंग्लंडला गेली होती. त्याच परक्या देशात, धर्मांतराच्या भीतीने ग्रासलेल्या अवस्थेत तिने वाँटेज येथे आत्महत्या केली. परिस्थिती एकच होती, पण ती एकीला पेलली आणि दुसरी तिच्याखाली चिरडली गेली. ‘दुःख माणसाला घडवते’ असा नियम सांगण्यापूर्वी आनंदीबाईंची आठवण ठेवणे इतिहासाच्या वाचकाचे कर्तव्य आहे. दुःख काहींना मोडूनही टाकते, आणि त्यात मोडणाऱ्याचा दोष नसतो.

९.
२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्यामागे काही वैचारिक कारणे होती. नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा परिणाम हे त्यांतले एक. दुसरे कारण लंडनमधील फुलहॅम येथे त्यांनी पाहिलेले काम. ज्या स्त्रियांना समाजाने ‘पतित’ ठरवून टाकून दिले होते, त्यांना ख्रिस्ती भगिनी मायेने वागवत होत्या. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथाही त्यांना याच संदर्भात समजावून सांगण्यात आली. पुण्याचा हिशेब न मागणारी करुणा त्यांना प्रथम येथे दिसली.

१०.
बाप्तिस्म्याने शांतता मात्र लाभली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी शंका काढल्या. चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा प्रमाण मानण्यास नकार दिला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तीव्र निषेध नोंदवला. क्रूसावरील लॅटिन अक्षरांपेक्षा आपली संस्कृत भाषा कोणत्या अर्थाने उणी आहे, असाही प्रश्न त्यांनी केला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा सारा संघर्ष नोंदला गेला आहे. नव्या धर्मात आल्या म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. याची किंमत होती एकटेपणा : जुने लोक त्यांना परक्या मानत आणि नवे लोक उद्धट.

११.
१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथील व्याख्यानांतून आणि १८८७ मधील ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या ग्रंथातून त्यांनी निधी उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्याच्या सल्लागार मंडळात होते. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी.

१२.
याच काळात रमाबाईंच्या मनात दुसरे वळण आले. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे १९०७ मधील आत्मनिवेदनात दिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना हे उमगले. सिद्धान्त पटणे वेगळे आणि कोणावर तरी पूर्ण भार टाकणे वेगळे. त्यानंतर त्यांची प्रार्थना उघडपणे होऊ लागली. काही मुलीही तिच्याकडे ओढल्या गेल्या आणि पुण्यात वादळ उठले.

१३.
१८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. टीकेत अतिशयोक्ती होती, तसा खरा प्रश्नही होता. आश्रयाला आलेली मुलगी आश्रयदात्रीच्या श्रद्धेला मोकळेपणाने नकार देऊ शकते का? पुढे केडगावबाबतही तोच प्रश्न विचारला गेला, आणि इतिहासकारांनी तो सोडलेला नाही. रमाबाईंचे मत असे, की आपण सक्ती करत नाही, पण आपली श्रद्धा लपवणारही नाही. प्रतिष्ठित समाजाचा आधार अशा रीतीने सुटला.

१४.
१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. तेथून येणाऱ्या बातम्या म्हणजे रमाबाईंच्या दृष्टीने त्यांचेच गतायुष्य होते. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदत छावण्यांत उपासमारीइतकाच दुसराही एक धोका त्यांना दिसला : एकाकी मुली कोणाच्याही हाती पडत होत्या. शेकडो मुलींना घेऊन त्या परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवणे शक्य नव्हते. म्हणून दौंडजवळील केडगावच्या शेतावर त्यांची सोय करण्यात आली. हेच पुढचे ‘मुक्ती’ सदन.

१५.
त्याच वर्षी पुण्यातील प्लेग व्यवस्थेत स्त्रियांची होणारी परवड त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनी गप्प राहणे पसंत केले नाही. श्रद्धा दृढ झाली तसा त्यांचा आवाज मवाळ झाला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

१६.
१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला आणि ‘मुक्ती’तील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता काम फक्त उच्चवर्णीय विधवांपुरते राहिले नव्हते. कोणत्याही जातीच्या अनाथ मुली तेथे होत्या. फुलहॅमची आठवण जागवणारे ‘कृपा सदन’ समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी उभे राहिले, आणि अंध स्त्रियांनाही स्वतंत्र आसरा मिळाला. शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुली शिकत होत्या. १९०५ मध्ये येथे प्रार्थनेची मोठी जागृती झाली. तिची वार्ता परदेशांतील ख्रिस्ती मंडळ्यांतही पोहोचली.

१७.
मग रमाबाईंच्या आध्यात्मिक वाढीचे माप कोणते? शब्दांपेक्षा दाराची रुंदी पाहावी. पहिल्या दुष्काळाने कर्मकांडाचा आधार नेला, मृत्यूंनी कुटुंब नेले, वाँटेजच्या वादाने चर्चच्या छत्राखालची सुरक्षितता नेली, १८९३ ने प्रतिष्ठा नेली. प्रत्येक आधार सुटल्यावर उरलेली श्रद्धा अधिक साधी झाली आणि तिचे दार अधिक मोठे उघडले. दुष्काळ चांगला होता, असे त्यांनी कधी म्हटले नाही. दुष्काळ ईश्वरी धडा आहे असे सांगून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी दुष्काळग्रस्त मुलींसाठी बैलगाड्या आणि आगगाड्या गाठल्या.

१८.
अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. प्रचलित भाषांतरांची भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना कठीण जाते, असे त्यांना वाटे. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या. छपाई ‘मुक्ती’तच होत असे आणि तेथील स्त्रियाच खिळे जुळवीत. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते, त्यांच्या हातून ग्रंथ आकार घेत होता. अनंतशास्त्रींनी अरण्यात मोडलेला दंडक येथे पुन्हा एकदा मोडला गेला.

१९.
२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. कन्या, सहकारी आणि वारसदार असे तिहेरी नाते एका दिवशी तुटले. ज्या बाईने साऱ्या जिवलगांना पोचवले होते, तिच्या वाट्याला साठीनंतर हेही आले. ऐकू येणे बरेच कमी झाले होते, प्रकृती ढासळली होती. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ते तडीस नेऊन नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.

२०.
पौलाचा तो क्रम त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत उतरवला होता. संकट, धीर, शील, आशा. रमाबाईंचे आयुष्य पाहिले की या चार शब्दांमधली अंतरे किती मोठी आहेत ते कळते. पहिल्या दुष्काळापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्या वाटेवर शंका होत्या, भांडणे होती, आनंदीबाईंचा मृत्यू होता. संकट आपोआप कोणालाही शहाणे करत नाही. पण आपण भोगलेली भूक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ओळखता आली आणि उठून चालू लागता आले, तर तिचे काही वेगळे होऊ शकते. केडगावचे ‘मुक्ती’ सदन आजही सुरू आहे.