वऱ्हाडातील दोहनपद्धती आणि कासदाहाचा प्रतिबंध : एक ऐतिहासिक विवेचन

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात कापसाने इतकी जागा व्यापली आहे की, त्या कापसामागे उभ्या असलेल्या जनावराकडे अभ्यासकांची दृष्टी क्वचितच वळते. ज्यांची वळली, त्यांनीही मुख्यतः बैलाचा विचार केला. गाय विचारात आली ती बैलाची जननी म्हणून. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील दुभत्या जनावरांच्या काशेचा इतिहास हा या दृष्टीने उपेक्षित विषय होय. पशुवैद्यकात ज्याला कासदाह अथवा स्तनदाह म्हणतात, त्या रोगाला खेड्यापाड्यांतून 'दगडी' हे नाव आहे. कास सुजून दगडासारखी कठीण होते, दुधात गाठी येतात, कधी रक्त उतरते आणि पुष्कळदा एखादा सड कायमचा आटतो, हे सारे त्या एका शब्दात आले आहे. रोग जुना, त्याचे नावही जुने. तथापि त्याचा प्रतिबंध हा प्रश्न या भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उभा राहिला नाही. असे का झाले, आणि तो उभा राहिला तेव्हा प्रतिबंधापूर्वी औषधच का हाती आले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम जुन्या व्यवस्थेचे स्वरूप पाहू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्या प्रांताचा गॅझेटियर ए. सी. लायल यांनी १८७० मध्ये सिद्ध केला. त्या काळच्या शेतीचे चित्र काळ्या, चिकण जमिनीचे आहे. अशा जमिनीत नांगर व वखर ओढावयाचा तर दणकट बैल हवा. उमरडा आणि वर्धा-नागपूरकडील गवळाऊ या जातींची कीर्ती बैलांमुळे होती. गाईच्या दुधावर पहिला हक्क वासराचा, आणि त्यातही गोऱ्ह्याचा असे. दुधातुपाचा व्यवहार बव्हंशी म्हशीवर चाले. एलिचपुरी अथवा नागपुरी म्हैस याच भागातली. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील भुऱ्या वर्णाची पूर्णाथडी म्हैसही येथलीच. तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली ती मात्र २०२३ मध्ये. मेळघाटातील गवळ्यांच्या वस्त्या तुपासाठी प्रसिद्ध होत्या. गाविलगड या किल्ल्याच्या नावाचा संबंधही परंपरा गवळ्यांशीच जोडते.

या व्यवस्थेत दोहनाची एक ठराविक रीत होती. प्रथम वासरू सोडावयाचे, त्याने ढुशा देऊन गाईला पान्हा आणावयाचा, मग त्याला ओढून गाईच्या तोंडाशी बांधावयाचे, धार काढावयाची आणि शेवटचे दूध पुन्हा वासरासाठी राखावयाचे. गाय दूध देई ते थोडे. काशेवर ताण नसे. मागे राहिलेले दूध वासरू ओढून घेई. गाई एकेका घरी दोन-चार असत आणि दिवसभर रानात चरत. त्यामुळे एका काशेतून दुसऱ्या काशेत रोग जाण्याची संधी मर्यादित राही. या रीतीत दोष नव्हते असे नाही. अंगठा मुडपून सड दाबणे, चिमटीने ओढणे, दुधाच्या फेसात बोटे भिजवून धार काढणे या सवयी तेव्हाही होत्या. परंतु थोडे दूध, मोकळे जनावर आणि सोबतचे वासरू या तीन गोष्टींनी त्या दोषांची किंमत कमी ठेवली होती.

लोकाचारातही या व्यवस्थेचे प्रतिबिंब दिसते. वऱ्हाडचा मोठा सण पोळा, आणि तो बैलाचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण होते. जुवाखाली घासलेला बैलाचा खांदा लोणी अथवा तूप आणि हळद लावून चोळतात, शेकतात. कष्टाने झिजलेल्या नेमक्या अवयवाची निगा राखण्याचा तो विधी आहे. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते. परंतु त्या पूजेत काशेच्या निगेला असा स्वतंत्र विधी नाही. ज्या अवयवावर घराचा संसार अवलंबून, त्या अवयवाची काळजी समाज आचारात बांधून ठेवतो. गाईची कास त्या काळी तसा अवयव नव्हती. गाईविषयी पूज्यभाव आणि काशेविषयी दक्षता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९२५ मध्ये संत गाडगेबाबांनी मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे कार्य उभे केले. एकाच पुरुषाच्या ठायी गोरक्षण आणि खराटा एकत्र आले, ही वऱ्हाडच्या इतिहासातील अर्थपूर्ण घटना होय. तथापि गोरक्षणाच्या चळवळीचा रोख एकंदरीत भाकड व वृद्ध जनावरांच्या आश्रयाकडे राहिला, दोहनाच्या स्वच्छतेकडे नव्हे.

या जुन्या समतोलाला धक्का दिला तो कापसाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला एकाएकी मागणी आली. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. अकोला, खामगाव, अमरावती या पेठा वाढल्या. चराईची जमीन नांगराखाली गेली आणि मेळघाटातील जंगले राखीव झाली. लक्ष्मण सत्या यांनी एकोणिसाव्या शतकातील मध्य हिंदुस्थानच्या गुरांविषयी केलेल्या अभ्यासात कुरणांचा हा ऱ्हास विस्ताराने मांडला आहे. त्यापाठोपाठ १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले आणि गुरे मोठ्या संख्येने मेली. एका बाजूला जनावर दुबळे होत होते, तर दुसऱ्या बाजूला शहरांतून दुधाला रोख गिऱ्हाईक मिळू लागले होते. शहरालगतच्या गोठ्यात (वऱ्हाडी बोलीत 'कोठ्यात') म्हशी एकत्र, जवळजवळ आणि बारमाही बांधल्या जाऊ लागल्या. सरकी व ढेप घालून दूध वाढविता येत होते. मात्र एकच हात एकामागून एक दहा काशांना लागू लागला. कासदाहाच्या प्रसाराला आवश्यक ती परिस्थिती येथे प्रथम निर्माण झाली.

सरकारी पशुवैद्यकाचे लक्ष या काळात अन्यत्र होते, आणि त्याला सबळ कारणही होते. बुळकांड्या गावेच्या गावे ओसाड करी. त्याच्यापुढे एका सडाचे आटणे क्षुल्लक वाटणे स्वाभाविक होते. १९२६-२८ च्या शेतकी रॉयल कमिशनपुढे गुरांचा जो प्रश्न आला, तो प्रामुख्याने वैरण आणि पैदास यांचा. १९३७ मध्ये नॉर्मन राइट यांनी हिंदुस्थानातील गुरे व दुग्धव्यवसाय यांवर अहवाल दिला आणि दुधाच्या उत्पादनाचा स्वतंत्र विचार अखिल भारतीय पातळीवर झाला. १९४१ मध्ये वर्धा येथे जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने गोसेवा संघ निघाला आणि गाय ही दुधासाठीही पाळली जावी हा विचार वऱ्हाडच्या उंबरठ्यावर आला.

याच काळात युरोप-अमेरिकेत या रोगाचे शास्त्र घडत होते. १८८७ मध्ये फ्रान्समध्ये नोकार व मोलेरो यांनी गाईंच्या सांसर्गिक कासदाहाचा संबंध साखळीरूप जंतूंशी जोडला. रोग काशेत आपोआप उपजत नाही, तो सडाच्या छिद्रातून आत शिरतो आणि त्याला नेणारे वाहन पुष्कळदा धार काढणाराचा हातच असतो, हे त्यातून स्पष्ट होत गेले. १९४१ मध्ये ईली व पीटरसन यांनी काशेच्या अर्ध्या भागाचे मज्जातंतू छेदून दाखविले की, पान्हा तरीही दोन्ही भागांत येतो. अर्थात पान्ह्याची आज्ञा रक्तातील संप्रेरकाच्या द्वारे काशेस पोहोचते. भेदरलेली गाय 'पान्हा चोरते' या गवळ्याच्या अनुभवाचेही शास्त्रीय कारण त्याच प्रयोगांतून मिळाले. १९५७ मध्ये शाम व नूरलँडर यांनी कॅलिफोर्नियात अशी चाचणी शोधली की, चार वाट्यांच्या साध्या तबकात दूध व रसायन समभाग मिसळले असता, रोगट सडाचे दूध बुळबुळीत होऊन घट्ट होते. त्यामुळे बाहेरून निरोगी दिसणारा, परंतु आतून जडलेला सुप्त कासदाह गोठ्यातच ओळखता येऊ लागला.

तथापि निर्णायक काम झाले ते इंग्लंडमधील शिनफील्ड येथील दुग्धसंशोधन संस्थेत. नीव्ह, डॉड व किंगविल यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, प्रत्येक दोहनानंतर सड जंतुनाशकात बुडविल्यास नव्या संसर्गाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते. त्याला त्यांनी भाकड काळाच्या आरंभी करावयाच्या औषधोपचाराची जोड दिली. यात वऱ्हाडच्या दृष्टीने एक विलक्षण योगायोग आहे. हे संशोधन प्रसिद्ध होत असतानाच, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोला येथे पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांचे नाव त्यास मिळाले, ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातील पापळचे; १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय कृषिमंत्री होते. ज्ञान आणि संस्था एकाच वेळी सिद्ध झाली; परंतु ते ज्ञान गोठ्यापर्यंत पोहोचण्याआधी पेनिसिलीन तेथे पोहोचले होते. सुई टोचली की सूज उतरते, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले. सड बुडविल्याने न झालेला रोग मात्र कोणालाच दिसत नाही. प्रतिबंधाची ही मूलभूत अडचण आहे : त्याचे यश अदृश्य असते.

संकरित गाय आली तेव्हा या विलंबाची किंमत कळली. होल्स्टीन फ्रिजियन व जर्सी यांच्या संकराने दूध वाढले, काशेचा आकार वाढला आणि वासरू दोहनातून बाजूला झाले. २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था त्याच्याशी जोडली गेली. पुढे जुलै २००६ मध्ये शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची केंद्रीय मदत जाहीर झाली. जोडधंदा म्हणून निम्म्या अनुदानावर दुभती जनावरे देण्याचा कार्यक्रम तीत होता. कोरडवाहू कापूसवाल्याच्या दारात अधिक दूध देणारी गाय उभी राहिली. पण तिच्यासाठी लागणारी हिरवी वैरण, कोरडी जागा आणि दोहनाची शिस्त तिच्याबरोबर आपोआप आली नाही. चार सडांपैकी एक निकामी होणे म्हणजे अशा घरात उत्पन्नाचा मोठा हिस्सा कायमचा जाणे. काशेचे चारही कप्पे स्वतंत्र असतात. एकाचे दूध दुसऱ्याच्या वाटेने काढता येत नाही. कापूस बुडाला तर पुढल्या मृगाची आशा असते, आटलेला सड त्या वेतात तरी बहुधा परत येत नाही.

म्हणूनच उत्तम दोहनाचे नियम हे केवळ तांत्रिक सूचना नव्हेत. जुन्या व्यवस्थेत परिस्थितीने जे संरक्षण दिले होते, त्याची जागा घेणाऱ्या जाणीवपूर्वक कृती म्हणून त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. वासराच्या ढुशीची जागा कास स्वच्छ धुऊन, हलके चोळून, स्वतंत्र फडक्याने कोरडी करण्याने घेतली. पान्हा त्यानेच येतो. ओली कास मात्र अपायकारक, कारण पाण्याबरोबर घाण सडाच्या टोकाशी उतरते. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर अथवा वाटीत काढून पाहिल्या की गाठी तत्काळ दिसतात. त्या जमिनीवर सोडणे म्हणजे जंतू गोठ्यात पेरणे होय. अंगठा मुडपण्याऐवजी पूर्ण मुठीने, कोरड्या हाताने दूध काढल्यास सडाच्या आतील नाजूक अस्तराला इजा होत नाही. पान्ह्याचा प्रभाव काही मिनिटेच टिकतो, म्हणून दोहन सुमारे सहा-सात मिनिटांत पुरे करावयाचे. पहिलारू व निरोगी गाई आधी, रोगट गाय शेवटी, हा क्रम हातामार्फत होणारा प्रसार रोखतो. दोहनानंतर सडाचे छिद्र अर्धा ते दोन तास पूर्ण मिटत नाही; म्हणून सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावयाचे आणि गाईपुढे वैरण टाकावयाची, म्हणजे ती खात उभी राहते, ओल्या जमिनीवर बसत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि शेण यांनी भरलेल्या वऱ्हाडी कोठ्यात या शेवटच्या नियमाचे मोल विशेष आहे. कारण चिखलातील जंतूंवर एकट्या द्रावणाचा प्रभाव कमी पडतो आणि कोरडी बसकण हाच तेथे खरा उपाय ठरतो.

यातील बहुतेक नियमांना खर्च नगण्य आहे; लागतो तो दररोज, दोन वेळा, न चुकता पाळावयाचा आचार. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आणि दुधात उतरणारे औषधांचे अंश यांमुळे सुईवरचा भरवसा कमी होत असताना या आचाराचे महत्त्व वाढले आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कोरफड, हळद व चुना यांच्या लेपाचा पुरस्कार केला आहे, हे या संदर्भात उल्लेखनीय. खांदेमळणीची हळद अखेर काशेपर्यंत आली. मात्र लेप हा रोग झाल्यानंतरचा उपचार आहे, आणि दोहनाच्या शिस्तीची जागा तोही घेऊ शकत नाही.

या इतिहासातून संशोधनाला एक दिशा मिळते. वऱ्हाडात गोठ्याचे बरेचसे काम स्त्रियांच्या हाती असते. दोहनाची शिस्त शिकवावयाची तर ती ज्या हातांना शिकवावयाची, ते हात प्रशिक्षणाच्या वर्गात आहेत की नाहीत, हे प्रथम पाहिले पाहिजे. तसेच सुप्त कासदाहाची नोंद गावनिहाय व ऋतुनिहाय ठेवली गेली, तर प्रतिबंधाचे आज अदृश्य राहणारे यश आकड्यांत दिसू लागेल. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने बैलाच्या खांद्याची निगा शतकानुशतके आचारात जपली. त्याला काशेच्या निगेचे महत्त्व कळणार नाही असे मानण्यास इतिहासात आधार नाही. गाय त्याच्या घरात खऱ्या अर्थाने दुभती होऊन दोन-तीन पिढ्याच लोटल्या आहेत, आणि आचार रुजण्यास तेवढा अवधी अपुरा पडतो. तो अवधी कमी करणे, हे अकोला-अमरावतीच्या संस्थांपुढील कार्य आहे.