गोंदलं, गोंदवून घेतलं

तमिळमध्ये गोंदण्याला ‘पच्चै कुत्तुदल’ म्हणतात. पच्चै म्हणजे हिरवं आणि कुत्तुदल म्हणजे टोचणं. तेलुगूत ‘पच्चबोट्टु’, म्हणजे हिरवा ठिपका. कन्नडमधला ‘हच्चे’ही त्याच कुळातला, शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘प’ कन्नडमध्ये ‘ह’ झाला, इतकंच. उत्तरेकडे आलं की हिंदीत गोदना, गुजरातीत छूंदणां आणि मराठीत गोंदण. हे तिन्ही शब्द टोचण्याच्या क्रियेतून आलेले. ढोबळमानानं सांगायचं तर दक्षिणेनं रंगाला नाव दिलं आणि आपण सुईला. मराठीनं मग रंग वेगळा जोडून घेतला आणि ‘हिरवं गोंदण’ म्हणायला सुरुवात केली. प्रत्यक्षात पारंपरिक गोंदणात हिरवा रंग नसतोच, काळी काजळी असते. ती कातडीच्या आतल्या थरात बसते आणि वरच्या थरातून परतणारा उजेड विखुरतो, म्हणून काळ्याचं निळसर-हिरवं दिसतं. म्हणजे हा रंग अर्धा काजळीचा आणि अर्धा अंगावरच्या कातडीचा.

एका गुजराती कथेचं भाषांतर करताना मी या शब्दांपाशी अडले. कच्छच्या रबारी बायकांच्या गोंदणाला ‘त्राजवां’ म्हणतात. कथेत एका मुलीचं पहिलं त्राजवं काढतात आणि मग तिला तीन-चार दिवस जपतात. मूळ कथेत हे एका वाक्यात उरकलं होतं. मला मात्र त्या तीन-चार दिवसांत काय करत असतील ते कळल्याशिवाय क्रियापदच सुचेना. पहिल्या गोंदणाची तयारी कशी करत आणि नंतर काळजी काय घेत, हे शोधायला मी त्या निमित्तानं लागले. गोंदणाच्या नक्ष्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. विंचू, तुळस, चांदणी, मोर यांचे अर्थ लावणारे लेख हवे तितके मिळतात. जखमेबद्दल फार थोडं.

जे थोडं आहे त्यात सर्वांत तपशीलवार नोंद मद्रासची आहे. एडगर थर्स्टन १८८५ ते १९०८ या काळात मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचा प्रमुख होता. हा लोकांची नाकं आणि डोकी मोजण्यासाठी कुप्रसिद्ध माणूस. पण संग्रहालयाच्या १८९८च्या बुलेटिनमध्ये त्यानं गोंदणावर एक टिपण लिहिलं आणि त्यात शाईची कृती आली आहे. गावोगाव हिंडून गोंदणाऱ्या या बायका कोरवर जमातीच्या. आपल्याकडच्या कैकाड्यांची बोली त्यांच्या भाषेच्या जवळची आहे. कृती अशी: हळदपूड आणि अगत्तीची पानं एकत्र वाटायची. ते मिश्रण पातळ सुती कापडात गुंडाळून जाड वात करायची. ती एरंडेलाच्या दिव्यात पेटवायची आणि वर नवं कोरं मडकं पालथं घालायचं. मडक्याच्या आतून धरलेली काजळी खरवडून घ्यायची आणि बाईच्या दुधात किंवा पाण्यात कालवायची.

अगत्ती म्हणजे आपला हादगा. ज्याच्या फुलांची भाजी करतात आणि ज्याच्या नावानं आपल्याकडे आश्विनात मुली फेर धरतात, तोच. आणि दिव्यावर भांडं पालथं घालून काजळ धरणं तर दोन पिढ्यांपूर्वी घरोघरी चालायचं. बाळाच्या डोळ्यांत घालायचं काजळ असंच होत असे. त्यामुळे ही कृती वाचताना मला ती परकी वाटली नाही. घरातलंच सामान, फक्त डोळ्याऐवजी कातडीखाली जाणारं.

हत्यार म्हणजे शिवणकामाच्या तीन-चार सुया, टोकं एकमेकींना चिकटतील अशा दोऱ्यानं बांधलेल्या. आधी बोथट काडीनं शाईची आकृती काढायची, मग त्यावरून टोचत जायचं. झालं की थंड पाण्यानं धुवायचं आणि हळदीचा लेप द्यायचा. लेपाची तीन कारणं थर्स्टन देतो: रंग उठून दिसावा, दुखणं कमी व्हावं, सूज येऊ नये. रंगाचं कारण पहिलं आणि दुखण्याचं दुसरं, हा क्रम त्या बायकांचा की साहेबाचा, याचा मी बराच विचार केला. या सगळ्या नोंदीत तयारी आहे ती शाईची. पानं, वात, मडकं, दूध. मुलीची तयारी कोणी करत होतं का, तिला आदल्या दिवशी काही सांगत होते का, यावर एक शब्द नाही. टोचताना तिचं लक्ष वळावं म्हणून गोंदणाऱ्या बायका गाणी म्हणत, एवढाच तिच्याशी संबंध येतो.

या कृतीत शहाणपण होतं हे मान्यच करायला हवं. ताजी काजळी ही आगीतून आलेली, म्हणून स्वच्छ. मडकं नवं. हळदीचा गुण सांगायला नको. पण सुयांचं काय? सुयांची तीच जुडी एका पोरीकडून दुसरीकडे आणि एका गावातून पुढच्या गावात जायची. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडले, तोवर याचा धोका नीट कळण्याची सोयच नव्हती. परंपरेचं कौतुक करणारे लेख हळदीवर थांबतात, सुयांपर्यंत येत नाहीत.

मध्य भारतातल्या बैगांकडे मला काळजीचा आणखी एक प्रकार सापडला, तो म्हणजे ऋतू. मंडला, दिंडोरी, बालाघाट, कवर्धा या भागात बैगा मुलीच्या कपाळावर आठेक वर्षांची असताना पहिलं गोंदण येतं. मग वयाबरोबर पाय, हात, पाठ, छाती. टोचणाऱ्या बायका बादी समाजाच्या. त्यांना बदनिन म्हणतात. शाईला रामतीळ, म्हणजे आपल्या चटणीतले कारळे. आणि हंगाम थंडीचा, उन्हाळा तापायच्या आधीपर्यंत. पावसाळ्यात नाही. दमट हवेत जखम चिघळते, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. व्हेरिअर एल्विनचं बैगांवरचं जाडजूड पुस्तक १९३९चं. त्यात गोंदणाला भरपूर जागा आहे आणि एल्विनची माया जागोजागी दिसते, तरी आठ वर्षांच्या मुलीला काय वाटलं हे तिथेही तिच्या तोंडून येत नाही.

म्हणून मी माझ्या आजीकडे वळते. आजी रावेरकडची. हनुवटीवर तीन ठिपके आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळस. यात्रेत गोंदलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी कॉलेजात असताना तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “दोघींनी धरलं नि गोंदलं.” दुखलं का, तर म्हणाली, “दुखणारच ना.” मग आपण होऊन सांगू लागली की चार दिवस तिला हात ओला करू दिला नाही. भांडी नाही, धुणं नाही, शेणाला हात लावायचा नाही. रोज रात्री मावशी हळद-तेल लावायची. खपली काढू नये म्हणून झोपताना हाताला फडकं बांधायची. ते चार दिवस आजीला सत्तर वर्षांनंतरही दिवसागणिक आठवत होते. घरातल्या मोठ्या मुलीला मिळालेली ती बहुधा पहिली रजा असावी.

आजीच्या वाक्यांत ती स्वतः कुठेच कर्ता नव्हती. धरलं, गोंदलं, ओला करू दिला नाही, फडकं बांधलं. मराठीत ‘गोंदणं’ आणि ‘गोंदवून घेणं’ यांच्यात केवढं अंतर आहे. पहिलं होतं, दुसरं आपण करवून घेतो. आजीनं दुसरं क्रियापद कधी वापरलं नाही. आणि तरी त्या तुळशीचा तिला अभिमान होता. मेल्यावर बरोबर येणारा हा एकच दागिना, असं ती इतर बायकांसारखंच म्हणायची. जबरदस्ती आणि माया एकाच दिवशी, एकाच घरातून, बहुधा त्याच हातांनी आलेली. यांतलं एक वगळून दुसरं सांगणं सोपं पडतं. मला ते जमत नाही.

याच शब्दाचा तिसरा उपयोग कंपनी सरकारनं केला. बंगालमध्ये १७९७च्या कायद्यानं जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदायची तरतूद झाली. मद्रासमध्येही पुढे तेच आलं. सरकारी कागदांत या शिक्षेचं नाव ‘गोदना’. इंग्रजीत वेगळा शब्द शोधायची गरजच पडली नाही, बायकांचा शब्द तसाच उचलला. ठगीच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांच्या कपाळावर ‘ठग’ लिहिलं गेलं. क्लेअर अँडरसन या इतिहासकार बाईंनी २००४च्या आपल्या पुस्तकात या शिक्षेचा कागदोपत्री माग काढला आहे. कैदी केस पुढे ओढत, पागोटं भुवयांपर्यंत बांधत. १८४९मध्ये ही शिक्षा रद्द झाली. हळद कोणी लावली असेल असं वाटत नाही. आजीचं गोंदण आणि हे गोंदण यांना भाषांतरात एकच शब्द वापरावा लागतो, याचा मला अजून त्रास होतो.

‘गोंदवून घेतलं’ हे क्रियापद पूर्ण अर्थानं शोभतं ते छत्तीसगढच्या रामनामींना. देवळाची दारं बंद असलेल्या दलितांमधून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परशुराम नावाच्या माणसाच्या मागे हा पंथ उभा राहिला. त्यांनी ‘राम’ ही दोन अक्षरं स्वतःच्याच अंगावर लिहून घेतली. काहींनी कपाळावर, काहींनी सर्वांगावर. अशांना ‘नखशिख’ म्हणतात. पापण्यांवरसुद्धा सुई घेणाऱ्यांना तयारी काय ते कोणी शिकवायचं? आता त्यांची तरुण मुलं कामासाठी शहरांत जातात आणि बरेच जण गोंदवत नाहीत. चेहऱ्यावरची अक्षरं नोकरीच्या आड येतात. भारतीय सैन्याच्या भरतीचे नियमही असे आहेत की कायमचं गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे. आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. पहिलं गोंदण कुठे काढायचं हा निर्णय त्यामुळे आता अनेक मुलांच्या बाबतीत भरतीचा नियमच घेतो.

मी माझं पहिलं गोंदण त्रेचाळिसाव्या वर्षी वडोदऱ्यात काढून घेतलं. मशीन विजेचं. या मशीनचं पहिलं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायलीला १८९१मध्ये मिळालं आणि त्याची मूळ कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीची. म्हणजे कागदाला भोकं पाडायचं यंत्र माणसाकडे वळलं. काढणाऱ्या मुलानं सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, शाई छोट्या टोपीत काढली आणि उरलेली फेकून दिली. पोट भरून ये, आदल्या रात्री दारू नको, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचार, हे सगळं त्यानं दोन दिवस आधीच सांगितलं होतं. नंतरच्या सूचना: हात धुतल्याशिवाय जखमेला हात लावायचा नाही, सौम्य साबण, मलमाचा अगदी पातळ थर, दोन-तीन आठवडे पोहणं बंद, ऊन टाळायचं, खपली काढायची नाही. ताप आला किंवा लाली पसरत गेली तर मलमावर न थांबता थेट दवाखाना. आणि वर्षभर रक्तदान नाही. मी हळदीचं विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “मावशी, स्वयंपाकघरातलं काही नको.” बरोबरच होतं त्याचं, डब्यातली हळद उघड्या जखमेवर घालायची नसते. फडकं बांधायला मात्र कोणी नव्हतं. चार दिवस भांडी मीच घासली, हातमोजा घालून.

एक गोष्ट तेव्हाच वाचली. गोंदणाची शाई कातडीतल्या ज्या पेशी गिळतात त्या मरतात, शाई सुटते आणि नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. मार्सेच्या संशोधकांनी २०१८मध्ये हे उंदरांवर दाखवलं. आपण ज्याला कायमचं म्हणतो ते अशा अखंड हस्तांतरानं टिकतं.

त्या मुलाच्या दुकानातला संमतीचा कागद फक्त इंग्रजीत होता. त्याच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली तो न वाचता सही करतात, हे त्यानंच सांगितलं. मी त्याला गुजराती आणि मराठी करून देते म्हटलं. इंग्रजीत प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ होता. मराठीत ‘मी स्वखुशीने संमती देत आहे’ सहज झालं. शेवटचं वाक्य काळजीच्या सूचना मिळाल्याबद्दलचं होतं. त्यात ‘मी’ राहीना. ‘काळजी कशी घ्यायची ते मला समजावून सांगितलं आहे’ असं करावं लागलं. ‘कोणी’ सांगितलं, हे वाक्यात येत नव्हतं. मी त्याखाली एक रिकामी ओळ सोडली आणि सांगणाऱ्याचं नाव लिहायला जागा केली. त्यानं ती ठेवली आहे.