दार, दिवटी आणि मूळ संहिता : एका भयखेळाच्या नव्या आवृत्तीचा विचार

जुनी कृती नव्या रूपात लोकांपुढे आली म्हणजे तिच्या मूळ रूपाचे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. हस्तलिखित पोथ्या, शिलालेखांचे ठसे, जीर्णोद्धार झालेली देवालये यांच्या संबंधात तो पूर्वीपासून उपस्थित होत आला आहे. व्हिडिओ गेम हे आता इतिहासाचे साधन होऊ लागले असल्याने त्यांच्या बाबतीतही तो विचारणे प्राप्त आहे. या विचारासाठी जपानमधील कॅपकॉम कंपनीचा ‘रेसिडेंट इव्हिल’ हा खेळ आणि तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ ही दोन उदाहरणे शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते. त्यांच्यात देशकालाचे अंतर मोठे आहे. परंतु दोन्हींत भयकथा पुनःपुन्हा सादर होते आणि ती अनुभवणाऱ्यास पुष्कळदा तिचा शेवट आधीच ठाऊक असतो.

‘रेसिडेंट इव्हिल’ १९९६ च्या मार्चमध्ये जपानात ‘बायोहझार्ड’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक शिंजी मिकामी. रानातील एका वाड्यात आश्रय घेतलेले पोलीसपथक, तेथील चालती प्रेते, अपुरा दारूगोळा आणि प्रगती नोंदवून ठेवण्यासाठी लागणारी मोजकी शाईफीत, ही त्याची सामग्री होय. ही कल्पनाही सर्वस्वी स्वयंभू नव्हती. त्याच कंपनीच्या १९८९ मधील ‘स्वीट होम’ या खेळाचा तिला आधार होता. २००२ साली मिकामी यांनीच हा खेळ निन्टेन्डोच्या गेमक्यूब यंत्रासाठी नव्याने रचला. २०१४ च्या अखेरीस जपानात आणि २०१५ च्या जानेवारीत अन्यत्र जी सुधारित आवृत्ती आली, ती या २००२ च्या रचनेची आहे, १९९६ च्या खेळाची नव्हे. जुना खेळ पुन्हा पाहिला असे म्हणणारा आजचा खेळाडू बहुधा त्याची दुसरी संहिता तिसऱ्या हस्ताक्षरात वाचीत असतो.

पाठभेद तर पहिल्याच पिढीत पडले होते. १९९६ च्या खेळातील नटांकरवी चित्रित केलेला आरंभीचा प्रसंग जपानी प्रतीत रंगीत आहे. अमेरिकी प्रतीत तो काटछाट करून कृष्णधवल केलेला आहे. २००२ मध्ये नवी पात्रे व नवी दालने आली. पोथीत अशा भरीला प्रक्षेप म्हटले जाते. येथे ती मूळ कर्त्यानेच घातली असल्याने त्या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. २०१४-१५ च्या आवृत्तीत पार्श्वचित्रे स्वच्छ केली गेली आणि रुंद पडद्यावर चित्राचा वरचा व खालचा भाग झाकून ते खेळाडूच्या हालचालीबरोबर सरकविण्याची योजना झाली. जुन्या प्रमाणाचे चित्र व जुनी चालविण्याची पद्धत यांचा विकल्प मात्र कायम ठेवला गेला. नव्याबरोबर जुना पाठ उपलब्ध ठेवणे, हा संपादकाचा धर्म येथे काही अंशी पाळला गेला आहे.

दार उघडण्याच्या चित्रमालिकेचे उदाहरण विशेष बोलके आहे. एका खोलीतून दुसरीत जाताना काळोखात एक दार सावकाश उघडते. त्या अवधीत यंत्र तबकडीवरून पुढील खोलीची सामग्री वाचून घेत असे. म्हणजे ही तांत्रिक गरज होती. परंतु असे दार ‘स्वीट होम’मध्येही होते, आणि दारापलीकडे काय असेल या शंकेने भय वाढे, हा त्याचा दुसरा उपयोग. नव्या यंत्रांना इतका विलंब लागत नाही, तरी दार राहिले आहे. गरज सरली, संकेत उरला.

तुळजापूरच्या परंपरेत याला समांतर अशी दिवटी आहे. भवानीचे उपासक कदमराई गोंधळी संबळ-तुणतुण्याच्या साथीने रात्री गोंधळ घालतात, तेव्हा दिवटी पेटविली जाते. विजेपूर्वीच्या काळी ती उजेडाचे साधन होती आणि देवीचे चिन्हही होती. विजेचे दिवे आल्यावर पहिले प्रयोजन संपले, दुसऱ्याच्या बळावर ती तेवत आहे. यावरून असे म्हणता येते की, ज्या अंगास दोन प्रयोजने असतात ते एक प्रयोजन गेल्यावरही टिकते. ज्यास एकच असते ते पुढच्या आवृत्तीत गळण्याचा संभव अधिक.

पुनर्भेटीतील भयाचे स्वरूप मात्र दोन्हीकडे भिन्न आहे. तुळजापूरच्या माहात्म्यकथेत कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिला कुकुर दैत्य छळतो आणि देवी त्वरेने धावून येऊन त्याचा वध करते. हा शेवट श्रोत्यांपासून लपविला जात नाही. नवस फेडण्यास किंवा मंगलकार्यानंतर जमलेल्या कुटुंबास तो ऐकावयाचाच असतो. २००२ च्या खेळाने उलट मार्ग धरला. १९९६ मध्ये एका चिंचोळ्या वाटेवर काच फोडून कुत्री झेपावत; नव्या रचनेत पहिल्या खेपेस काच केवळ तडकते, कुत्री नंतर येतात. जाणत्या खेळाडूची आठवणच त्याच्यावर उलटविण्यात आली. अर्थात ही योजना कळण्यास १९९६ चा पाठ माहीत असावा लागतो. तो नाहीसा झाला, तर २००२ च्या कृतीचाही अर्धा अर्थ जाईल.

हा धोका काल्पनिक नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केला. आज जे भाग शिल्लक आहेत ते १९१३ चे की १९१७ चे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. भारतीय चित्रपटाच्या आद्य कृतीविषयी ही स्थिती, तर व्यापारी खेळांची कथा काय? ‘रेसिडेंट इव्हिल’ची १९९६ ची रचना २०२४ मध्ये संगणकावर पुन्हा विक्रीस आली, हे समाधानाचे, परंतु हे रक्षण बाजाराच्या इच्छेवर अवलंबून आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, ती शतकानुशतके प्रती जपणाऱ्या अनेक हातांमुळे शक्य झाली. एकच प्रत उरली असती, तर चिकित्सेस विषयच उरला नसता.

मौखिक परंपरेत प्रत्येक सादरीकरण ही नवी आवृत्ती असते आणि बदल हेच तिचे जीवन होय. गोंधळाची ‘मूळ प्रत’ शोधणे व्यर्थ ठरेल. यंत्रावर मुद्रित झालेल्या कृतीस दिनांक असतो, म्हणून तिचा प्रत्येक बदल नोंदला गेला पाहिजे. अशा खेळावर लिहिणाऱ्या अभ्यासकाने कोणत्या सालची, कोणत्या देशाची आणि कोणत्या यंत्रावरील संहिता पाहिली हे प्रथम सांगावे, आणि ग्रंथालयांनी नव्या आवृत्तीबरोबर जुनी प्रत व ती चालविणारे यंत्रही जपावे. दिवटी पुढच्या पिढीच्या हाती देण्यास गोंधळी आहे. १९९६ चे ते दार उघडे ठेवण्याचे काम संग्रहालयांचे आहे.