मोबाइल आणि घरातला संवाद: कारण कोणते, लक्षण कोणते?

“डॉक्टर, हा घरी कुणाशी बोलतच नाही. सारखा मोबाइल!” ही तक्रार आई-वडील मुलांबद्दल करतात, तशीच मुले आजोबांबद्दलही करतात. अशा वेळी आधी एक गोष्ट तपासावी लागते: मोबाइलमुळे बोलणे कमी झाले आहे, की बोलणे अवघड झाले म्हणून माणूस मोबाइलकडे वळला आहे? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

इंटरनेटमुळे संवाद कमी होतो का?

सरसकट नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे 73 कुटुंबांतील 169 जणांच्या घरी नव्याने इंटरनेट आले, तेव्हा त्यांचा अभ्यास झाला. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचे घरातल्यांशी बोलणे थोडे कमी आणि एकटेपणा थोडा जास्त झाला होता. त्याच संशोधकांनी पुढे पाठपुरावा केला, तेव्हा हे परिणाम बहुतांशी ओसरलेले दिसले (2002). नव्या गटात मात्र वेगळेच दिसले: बोलक्या स्वभावाच्या लोकांना इंटरनेटचा फायदा झाला, अबोल लोकांचा एकटेपणा वाढला.

म्हणून किती तास यापेक्षा कोणता वेळ गेला, हे महत्त्वाचे. कल्याण-डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या अनेकांचे रोज तीन तास प्रवासात जातात. घरातले सगळे एकत्र आणि जागे असतात, तो रात्रीचा तास-दीड तास. लोकलमध्ये पाहिलेल्या व्हिडिओने घरातले फारसे बिघडत नाही. तोच व्हिडिओ जेवताना पाहिला, तर दिवसातली एकमेव भेट हुकते.

कुणाकडे विशेष लक्ष द्यावे?

- लहान मुले: मूल भाषा शिकते ते समोरच्याचा चेहरा पाहून आणि त्याच्या प्रतिसादातून. दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन देऊ नये. दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास.
- किशोरवयीन मुले: आवडता खेळ आणि मित्र अचानक सुटले असतील, तर मोबाइलला दोष देण्याआधी शाळेत त्रास, भीती किंवा उदासी आहे का, ते विचारा.
- ज्येष्ठ: आजोबा गप्पांतून उठून मोबाइल घेऊन बसतात, आवाज मोठा ठेवतात? त्यांना कमी ऐकू येत असेल. चारचौघांत काय बोलले ते कळत नाही, म्हणून माणूस बाजूला होतो. आधी कान तपासून घ्या.

घरी काय करता येईल?

- जेवताना सर्वांचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नियम मोठ्यांनाही लागू हवा, नाहीतर मुले तो पाळणार नाहीत.
- एक वेळ ठरवा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. घरी अर्ध्या तासाने सुरुवात करा.
- मोबाइल भेटी ठरवायला वापरा. दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर जमणारी मंडळी आधी मेसेजवरच वेळ ठरवतात. शुभेच्छांचा फोटो पुढे पाठवला म्हणजे भेट झाली, असे मात्र नाही.
- फोन हिसकावून घेऊ नका. त्याने भांडण वाढते, संवाद नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, शाळा किंवा काम टाळणे, फोन न मिळाल्यास अनावर संताप, यांपैकी काही दिसल्यास फॅमिली डॉक्टरांना भेटा. लहान मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, नजर देत नसेल किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर ‘मोबाइल सुटला की बोलेल’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

‘जगून काय उपयोग’ असे कुणी बोलले, तर ते मनावर घ्या. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि तातडीने मदत घ्या. टेली-मानस 14416 ही शासनाची मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.